मांडूळ पाळता का येत नाही?

मांडूळ, घोरपड, अजगर, स्टार कासव हे भारतातले सरपटणारे प्राणी घरी पाळायला, विकायला आणि विकत घ्यायला बंदी आहे. 1972चा वन्यजीव (संरक्षण) कायदा केंद्राचा असल्यामुळे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातून खाली गोव्यात उतरले काय किंवा घाट चढून बेळगावकडे गेले काय, नियम तोच राहतो.

या कायद्यानुसार शिकार ठरायला प्राणी मरावा लागत नाही. तो पकडणे हीही शिकार, आणि घोरपडीची अंडी हलवणे हीसुद्धा. असा पकडलेला जीव सरकारची मालमत्ता ठरतो. घोरपड आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

मांडुळाची तस्करी मात्र गुप्तधनाच्या अंधश्रद्धेवर चालते. त्याला दोन तोंडे असतात हा समज बोथट शेपटीमुळे झाला. धोका दिसला की मांडूळ डोके लपवून शेपटी पुढे करते. शत्रू फसतो आणि माणूसही! कोकणापासून केरळपर्यंत आढळणाऱ्या त्याच्या एका भाऊबंदाचे वर्णन इंद्रनील दास यांनी 1991मध्ये केले आणि त्याला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव दिले.

हा मान व्हिटेकरांना शोभतो. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळांची रोजीरोटी गेली. व्हिटेकरांच्या पुढाकाराने 1978मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप धरायचे, विष काढायचे आणि त्यांना पुन्हा रानात सोडायचे. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणारे विष असे मिळते. औषधासाठी विष गोळा करण्याची सवलत कायद्यातच आहे. हौसेसाठी तशी नाही.

परदेशी प्राण्यांचा हिशेब वेगळा. कायद्यातली 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली. तिच्या चौथ्या अनुसूचीत आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती आहेत. त्यामुळे आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिकेतला इग्वाना पाळणाऱ्याला ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. परक्या अजगराला मुभा आणि आपल्याला बंदी, हे वरवर उफराटे वाटते. पण देशी प्राण्यांच्या विक्रीला वाट दिली, तर मागणी भागणार दोडामार्गातल्या तिलारीसारख्या जंगलांतूनच, आणि पिंजऱ्यातला प्राणी रानातून आणलेला की पैदाशीचा, हे कागद पाहून ओळखता येणार नाही. बंदी म्हणूनच योग्य आहे.

घरात किंवा परसात असा प्राणी शिरला, तर त्याला हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.