विमानांचे माहेर

नाशिकहून आग्रा रस्त्याने वीसएक किलोमीटर गेले की ओझर लागते. सारा जिल्हा त्याला 'ओझर मिग' म्हणतो. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि पुढे मिग-२१ बांधण्याचा कारखाना इथे उभा राहिला. त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्याच ओझरात विमानदलाचा अकरा क्रमांकाचा 'बेस रिपेअर डेपो' आहे, हे कित्येक नाशिककरांच्या गावीही नसते!

१९७४च्या सुमारास स्थापन झालेला, नागपूरच्या मेंटेनन्स कमांडच्या हाताखालचा हा डेपो म्हणजे लढाऊ विमानांचे माहेर. ठरलेले उड्डाणाचे तास किंवा वर्षे भरली की विमान इथे येते. माहेरपण मात्र मोठे कठोर. रंग खरवडून काढतात, इंजिने उतरवतात, तारांची जाळी आणि तेलाच्या नळ्या मोकळ्या करतात. सांगाड्यात डोळ्यांना न दिसणारी भेग असेल, तर ती क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी हुडकतात. झिजले ते बदलायचे, उरले ते तपासून पुन्हा जोडायचे. मग चाचणी-वैमानिक ते विमान आकाशात नेतो. खाली उभ्या असलेल्या कारागिरांच्या जिवाची त्या वेळी काय घालमेल होत असेल, ते ज्याचे त्याने ताडावे.

आरंभी इथे सुखोई-७ आले, १९७१च्या युद्धात लढलेले. पाठोपाठ मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३०. नवे विमान म्हणजे नवी हत्यारे, नवे साचे आणि मूळ रशियन भाषेतल्या जाडजूड पोथ्या. एका विमानावर हात बसलेला माणूस दुसऱ्यापुढे पुन्हा उमेदवारच! त्यातच १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. सुट्या भागांची वाट कठीण झाली आणि देशातच पर्याय शोधणे भाग पडले.

खरे वळण पुढेच आले. २००८ साली मिग-२९च्या नूतनीकरणाचा करार झाला. पहिली सहा विमाने रशियात सुधारायची होती आणि बाकीची ओझरला. नवे रडार, जादा इंधन, आकाशातच इंधन भरून घेण्याची सोय... दुरुस्ती करणारे हात आता जुन्या सांगाड्यात जवळजवळ नवे विमान घडवू लागले. माझ्या मते डेपोच्या इतिहासातले हेच मोठे पान. २०१८ साली संपूर्ण उकलून पुन्हा जोडलेले पहिले सुखोई-३० इथून बाहेर पडले.

मिग-२३ची सद्दी २००९ साली संपली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१नेही निरोप घेतला. लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर असताना प्रत्यक्षातला आकडा त्यानंतर तिशीच्या आत आला. त्यामुळे ओझरला आलेले प्रत्येक विमान तेवढे दिवस सरहद्दीवरून वजा असते. तिकडून ते लवकर धाडा म्हणून तगादा, आणि इकडे तपासनीस भिंग घेऊन पंखाच्या सांध्यापाशी वाकलेला.