कार्पेटखालचा जिना

अमेरिकेतल्या उपनगरी घरांत वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यावर बहुधा कार्पेट असते. काही वर्षांत ते पायऱ्यांच्या कडेला झिजते, मधोमध काळवंडते आणि घरात लाकडी जिन्याचे वेध लागतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही ही चर्चा रंगते ती रेड ओक घ्यावा की मेपल, पॉलिश गडद की फिके, यावर. हे सगळे नंतर ठरवता येते. आधी पाहायचे ते एवढेच, की नव्या फळ्या बसल्यावर सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी राहणार का?

वर कार्पेट येणारच, म्हणून बिल्डर खाली साध्या पाइनच्या किंवा भुशाच्या दाबीव फळ्या ठोकतो. कार्पेट उचकटले की त्या उघड्या पडतात, शिवाय ढीगभर स्टेपल आणि कडेच्या खिळेपट्ट्या. मग सोपा वाटणारा मार्ग असा, की जुन्या फळीची पुढे आलेली गोल कड कापायची आणि वर इंचभर जाडीची ओकची फळी चिकटवायची. समजा प्रत्येक पायरी साडेसात इंच उंच आहे. सगळ्याच फळ्या इंचभर वर गेल्या, तर मधली अंतरे तीच राहतात. पण तळाची पायरी साडेआठ इंचांची होते आणि वरच्या मजल्यावरचे शेवटचे पाऊल साडेसहाचे. अमेरिकेतल्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत पायरीची कमाल उंची पावणेआठ इंच आहे आणि एकाच जिन्यातली सर्वांत उंच व सर्वांत बुटकी पायरी यांच्यात ३/८ इंच, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर, एवढाच फरक चालतो. हा काटेकोरपणा उगीच नाही. एकदोन पायऱ्यांत पाय उंचीचा अंदाज बांधतो आणि पुढे कोणी खाली बघत नाही. अंदाज चुकला की माणूस अडखळतो, तेही हातात कपड्यांची टोपली असताना.

कार्पेटनेही उंची वाढत होतीच की, असे कोणी म्हणेल. वाढत होती, पण कार्पेट जिन्यावर होते तसेच दोन्ही मजल्यांवरही होते, त्यामुळे हिशेब जुळत होता. म्हणूनच दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर जिन्याच्या फळीइतक्याच जाडीचे लाकूड येणार असेल, तर फळीवर फळी खुशाल बसवावी. नाहीतर जुनी फळी काढून जवळपास त्याच जाडीची नवी घालणे बरे. यात तोडफोड आणि मजुरी जास्त लागते, हा आक्षेप खरा आहे. खाचेत पाचर मारून बसवलेली फळी तर सहजी सुटतही नाही. पण वाकडा हिशेब पक्क्या गोंदाने चिकटवला, की तो दुरुस्त करायला दुप्पट खर्च येतो.

लाकूड निसरडे असते, हा आक्षेप अधिक वजनदार. चपला-बूट दाराशी काढायची आपली रीत इथे आड येते, कारण थंडीत पायांत मोजे असतात आणि गुळगुळीत पॉलिशवर ते सटकतात. घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील तर पॉलिशमध्ये घसरणरोधक भुकटी मिसळून घ्यावी, किंवा मधोमध कार्पेटची अरुंद पट्टी घट्ट ठोकून घ्यावी. पुन्हा कार्पेटच घालायचे तर एवढा खटाटोप कशाला? ही पट्टी झिजली की तेवढीच बदलता येते, आणि कडेच्या लाकडावरची धूळ फडक्याने पुसली जाते.

सुताराच्या अंदाजपत्रकात हमखास सुटतो तो कठडा. त्याची उंची पायरीच्या कडेपासून मोजतात आणि ती किमान ३४ इंच लागते. फळी इंचभर वर आली की कठडा तेवढाच बुटका होतो, आणि पायरीवर उभे असलेले गजही काढून पुन्हा बसवावे लागतात. हे काम वेगळे लिहून घ्यावे.