संस्थेचे नाव आणि लिंगभाव : ‘बॉय स्काउट’मधील मुलींचा प्रवेश

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो,

व्याकरणातील लिंग आणि समाजातील लिंगभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी आणि ‘टेबल’ नपुंसकलिंगी असण्याला सामाजिक कारण नाही; ती भाषेची व्यवस्था आहे. मात्र माणसांना आणि माणसांच्या संस्थांना आपण जी नावे देतो, त्यांत समाजाच्या कल्पना उतरतात. संस्थेचा ‘स्वाभाविक’ सदस्य कोण, हे तिचे नाव न बोलता सांगत असते. सदस्यत्वाचा नियम बदलला की हे नाव अडचणीत येते. अमेरिकेतील ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने मुलींना प्रवेश दिला, तेव्हा नेमके हेच घडले. प्रस्तुत भागात आपण या उदाहरणाचा भाषेच्या अंगाने विचार करू.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलग्यांचे शिबिर भरवले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातच वाचक ठरलेला होता. तरीही ते मुलींनीही वाचले. १९०९मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःला ‘गर्ल स्काउट’ म्हणवत तेथे हजर झाल्या. त्यांच्यासाठी १९१०मध्ये स्वतंत्र संघटना निघाली. तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांच्याकडे आली आणि मुलींना ‘गाइड’ हे वेगळे नाव मिळाले. हे नाव सुचले ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील ‘गाइड्स’ या लष्करी पथकावरून.

अमेरिकेत ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ ८ फेब्रुवारी १९१० रोजी स्थापन झाली. १९१२मध्ये ज्युलिएट गॉर्डन लो यांनी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे मुलींचे पथक सुरू केले. आरंभी या मुली ‘गर्ल गाइड’ होत्या; १९१३मध्ये त्यांनी ‘गर्ल स्काउट’ हे नाव घेतले. मुलग्यांच्या संस्थेचे प्रमुख जेम्स वेस्ट यांना हे रुचले नाही. ‘स्काउट’ हा शब्द मुलींनी वापरू नये, असा त्यांचा आग्रह होता. हा तपशील लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी तो उलट्या दिशेने परत येतो.

३. आधी नियम, मग नाव

मुलग्यांच्या संस्थेची दारे एकाएकी उघडली नाहीत. किशोरवयीनांच्या ‘एक्सप्लोरिंग’ या उपक्रमात मुली १९७१पासून पूर्ण सदस्य होत्या. १९८८पासून स्त्रियांना पथकप्रमुख होता येऊ लागले. मूळ गाभा मात्र मुलग्यांचाच राहिला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी संस्थेने तोही खुला करण्याचे जाहीर केले. २०१८मध्ये लहानांच्या ‘कब स्काउट’ विभागात आणि १ फेब्रुवारी २०१९पासून अकरा ते सतरा वर्षांच्या मुख्य विभागात मुली येऊ लागल्या. मुख्य विभागात मुलींची पथके वेगळी ठेवण्यात आली; अभ्यासक्रम, कसोट्या आणि पदके मात्र तीच होती. एकवीस प्रावीण्यपदके मिळवून ‘ईगल स्काउट’ हा सर्वोच्च दर्जा गाठणाऱ्या मुलींची पहिली तुकडी फेब्रुवारी २०२१मध्ये गौरवण्यात आली. त्यात जवळजवळ एक हजार मुली होत्या.

आता नावाकडे पाहू. मुली आल्या तेव्हा मुख्य विभागाचे नाव ‘स्काउट्स बीएसए’ असे करण्यात आले. म्हणजे ‘बॉय’ हा शब्द गेला, पण आद्याक्षरातील ‘बी’ राहिला. संपूर्ण संस्थेचे नाव तर तसेच होते. ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव मे २०२४मध्ये जाहीर झाले आणि संस्थेच्या ११५व्या वर्धापनदिनी, ८ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमलात आले. मधल्या काळात ‘बॉय स्काउट्स’ या नावाच्या संस्थेत मुली रीतसर सदस्य होत्या.

४. एका शब्दावरचा वाद

भाषाविज्ञानात शब्दांच्या जोडीतील एक पद ‘अचिन्हित’ आणि दुसरे ‘चिन्हित’ मानतात. अचिन्हित पद सर्वसाधारण समजले जाते. चिन्हित पदाला वेगळी खूण लागते. ‘डॉक्टर’ आणि ‘लेडी डॉक्टर’ ही परिचित जोडी आहे. अमेरिकेत अधिकृत नाव ‘बॉय स्काउट’ असले, तरी व्यवहारात नुसते ‘स्काउट’ म्हटले की बहुधा मुलगाच डोळ्यांसमोर येई. मुलीसाठी ‘गर्ल’ ही खूण आवश्यक ठरे.

मुलग्यांच्या संस्थेने आपली खूण काढून टाकताच ‘गर्ल स्काउट्स’ संस्थेने नोव्हेंबर २०१८मध्ये न्यायालयात दावा लावला. ‘बॉय’ हा शब्द न जोडता नुसते ‘स्काउट’ म्हणून मुलींना बोलावले, तर पालकांचा गोंधळ होतो आणि आमच्या नावाचे मोल घटते, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल २०२२मध्ये निकाल विरोधात गेला. ‘स्काउट’ हा शब्द येथे उपक्रमाचे वर्णन करतो, असे न्यायालयाने मानले. एकेकाळी मुलग्यांची संस्था मुलींना ‘स्काउट’ म्हणू देत नव्हती. आता मुलींची संस्था तोच शब्द त्यांच्यापासून राखू पाहत होती.

हा आक्षेप केवळ हट्ट नव्हता, हेही समजून घ्यावे. मुलग्यांच्या संस्थेची सदस्यसंख्या दीर्घकाळ घटत होती, त्यामुळे मुलींना प्रवेश हा समतेचा निर्णय की भरतीचा, अशी शंका घेतली गेली. मुलींच्या स्वतंत्र पथकात नेतृत्व अपरिहार्यपणे मुलीकडेच येते. ती संधी गमावू नये, हा मुद्दाही वजनदार होता. दुसऱ्या बाजूला, भावाच्या पथकाबरोबर तंबू ठोकणाऱ्या, पण नोंदवहीत नाव नसलेल्या मुली होत्या. त्यांना वेगळी संस्था नको होती. जे काम त्या करीत होत्या, त्याचे नाव हवे होते.

५. मराठीतील स्थिती

आपल्याकडे ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था १९५०मध्ये स्थापन झाली आणि १९५१मध्ये मुलींची गाइड संघटना तिच्यात सामील झाली. संस्था एक, पथके वेगळी आणि नावात दोघांचा उल्लेख, असा हा तिसरा मार्ग आहे. प्राथमिक शाळेतील ‘कब-बुलबुल’ ही जोडीही तशीच.

यांच्या मराठी प्रतिशब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. स्काउट म्हणजे ‘बालवीर’ आणि गाइड म्हणजे ‘वीरबाला’. घटक जवळजवळ तेच, पण क्रम उलटा. ‘बालवीर’ या समासात ‘वीर’ हे मुख्य पद आहे आणि बाल्य हे त्याचे विशेषण. ‘वीरबाला’मध्ये ‘बाला’ मुख्य आणि वीरत्व विशेषण. म्हणजे मुलगा आधी वीर ठरतो, मुलगी आधी मुलगी. शब्द घडवणाऱ्याचा तसा हेतू असेलच असे नाही. पण शब्दाच्या रचनेत समाजाची सवय दिसते.

दुसरे उदाहरण ‘मुले’ या शब्दाचे. हे ‘मूल’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन असल्याने त्यात मुलगे आणि मुली दोन्ही यायला हवेत. तरी आपण सहज ‘मुले आणि मुली’ असे लिहितो. ‘मुलगे’ हा स्वतंत्र शब्द असूनही सर्वांसाठीचा शब्द मुलग्यांच्या वाट्याला गेला आहे.

६. समारोप

नियम एका ठरावाने बदलतो. नाव बदलायला वर्षे लागतात आणि नावामागची कल्पना त्याहूनही मागे रेंगाळते. म्हणून नाव बदलणे ही वरवरची बाब नव्हे, आणि नाव बदलले म्हणजे काम संपले असेही नव्हे. या पाठाचा आरंभ मी ‘विद्यार्थी मित्रहो’ असा केला. विद्यार्थिनी त्यात आल्याच, असे मी गृहीत धरले होते. हे संबोधन वाचताना ते आपल्याला उद्देशून आहे असे आपल्याला वाटले का, याचा प्रत्येकाने आणि प्रत्येकीने विचार करावा.

स्वाध्याय

१. चिन्हित आणि अचिन्हित पदांच्या तीन जोड्या आपल्या बोलीतून शोधा.

२. ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ या समासांची तुलना करा.

३. आपल्या गावातील एखाद्या मंडळाचे नाव घेऊन त्यात कोणता सदस्य गृहीत धरला आहे, ते दहा ओळींत लिहा.