लघवी सुटणे, अंग बाहेर येणे: डॉक्टरांची प्रश्नावली मराठीत कशी तयार होते?

बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर अनेक स्त्रियांना खोकताना लघवी सुटते, खाली जड वाटते, अंग बाहेर येते. या त्रासाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे नुसत्या तपासणीत कळत नाही. त्यासाठी प्रश्नावली असते.

प्रश्नावलीत काय असते?

'आयसीआयक्यू' या छोट्या प्रश्नावलीत लघवी किती वेळा सुटते (० ते ५ गुण), किती सुटते (० ते ६) आणि त्यामुळे किती अडचण होते (० ते १०) हे विचारतात. एकूण गुण २१. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. 'पीएफडीआय-२०' मध्ये अंग उतरणे, शौच आणि लघवी यांवर २० प्रश्न असतात.

शब्दशः भाषांतर का चालत नाही?

तासगावात द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईला "व्यायाम करताना लघवी सुटते का?" असे विचारले, तर ती "मी व्यायाम करत नाही" म्हणेल. पण द्राक्षांचा क्रेट उचलताना तिला त्रास होत असेल, तर तो नोंदलाच जाणार नाही. तसेच 'अंग बाहेर येणे' आणि 'अंगावरून जाणे' या वेगळ्या तक्रारी आहेत. शब्द चुकला की उपचाराची दिशा चुकते. स्पॅनिशसारख्या अनेक देशांत बोलल्या जाणाऱ्या भाषेतही हीच अडचण येते.

प्रश्नावली पारखतात कशी?

१. दोन जण स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करतात. त्यातून एक मसुदा ठरतो.
२. मूळ प्रश्न न पाहिलेली व्यक्ती तो पुन्हा इंग्रजीत आणते. अर्थ बदलला असेल तर इथे कळते.
३. काही रुग्णांना प्रत्येक प्रश्नातून काय समजले ते विचारतात.
४. त्रास तसाच असताना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेतात. गुण जवळपास तेच यायला हवेत.
५. उपचाराने बरे वाटल्यावर गुण कमी होतात का, हेही पाहतात.

तुम्ही काय करावे?

प्रश्न समजला नाही तर अंदाजाने खूण करू नका, विचारा. वाचता येत नसेल तर नर्सताईंना वाचून दाखवायला सांगा. घरच्यांनी पेशंटच्या वतीने उत्तरे देऊ नयेत; सासू, नवरा किंवा मुलासमोर बाई खरे सांगेलच असे नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम साधारण तीन महिने करून तीच प्रश्नावली पुन्हा भरा. फरक आकड्यांत दिसेल.

लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी अडकली असेल, तर मात्र थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.