गोळीची गिरकी

भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा राहतो. वेग ओसरला की लटपटतो. रायफलच्या गोळीचेही तसेच. नळीतल्या पिळाच्या खाचा तिला गिरकी देतात. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा, हा हिशेब इंग्लंडचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडला. जाडी तीच ठेवून वजन वाढवायचे, तर लांबी वाढणारच!

अमेरिकेत १९५५ मध्ये विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४ ही सारख्याच जाडीच्या गोळीची काडतुसे आली. विंचेस्टरने नळीत दहा इंचांत एक फेरा ठेवला. रेमिंग्टनने हलकी गोळी डोळ्यांपुढे ठेवून बारा इंचांत. हरणाच्या शिकाऱ्यांना मात्र १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची, गोळी हवी होती. ती रेमिंग्टनमधून सरळ जाईल याची खात्री लोकांना वाटेना. .२४४ मागे पडले. अखेर नऊ इंचांचा पीळ आणि १९६३ मध्ये ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ हे नवे नाव घ्यावे लागले.

अशी जुनी रायफल हाती आली, तर आधी कागदी निशाणावरचे भोक पाहावे. ते लांबट असेल, तर गोळी आडवी होते आहे. मग नेम कितीही पक्का असो, किंमत मोजते ते जखमी होऊन रानात पळालेले हरीण.