गोठलेल्या नदीकाठचा हॉकीचा हंगाम

हॉकी हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान उभे राहते. कॅनडात तसे नाही. तेथे नुसते ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरील हॉकीच समजली जाते. आपल्या हॉकीचा उल्लेख करावयाचा तर मागे ‘मैदानी’ हे विशेषण जोडावे लागते. मॉन्ट्रियल शहराशी तर या दोन्ही खेळांचा संबंध आहे. १९७६ च्या तेथील ऑलिंपिकमध्ये मैदानी हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि त्यापूर्वी सात सुवर्णपदके मिळविणारा भारताचा संघ सातव्या क्रमांकावर फेकला गेला. त्याच शहरात सुमारे शंभर वर्षे आधी, ३ मार्च १८७५ रोजी, बर्फावरील हॉकीचा बंदिस्त जागेतील पहिला संघटित सामना झाल्याची नोंद आहे. १९९४ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून या खेळाला राष्ट्रीय हिवाळी खेळाचा दर्जा दिला.

तथापि या खेळाचे खरे बळ राजधान्यांतील भव्य क्रीडागारांत शोधू नये. ते लहान शहरांत आहे. क्वेबेक प्रांतातील कित्येक पती-पत्नी हिवाळ्याच्या ऐन भरात तीनचार दिवसांची सवड काढून मोटारीने निघतात, वाटेतील गावांत संध्याकाळी सामना पाहतात आणि दिवसा त्या त्या गावचे खाणे खातात. मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेली, नोकरीची धावपळ थोडी ओसरलेली, असे हे वय असते. मॉन्ट्रियलमधील नामांकित संघाच्या सामन्याला दोघांच्या तिकिटांपोटी शेकडो डॉलर मोजावे लागतात. लहान गावात त्याच्या अल्पांशात काम भागते आणि खेळाडूच्या कपाळावरचा घामही दिसतो.

अशा दांपत्याचा एक नेहमीचा मार्ग पाहू. मॉन्ट्रियलहून सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर तीराने त्र्वा-रिव्हिएर, तेथून क्वेबेक शहर आणि परतीला दक्षिण तीराने ड्रमंडव्हिल. सारे मिळून सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. अंतर फार नाही. परंतु फेब्रुवारीत पारा रात्री शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो आणि वाऱ्याने उडालेल्या हिमात पुढची मोटार दिसेनाशी होते.

रस्ता सुरू ठेवणे हे तेथे हिवाळ्यातील पहिले सार्वजनिक कर्तव्य मानले जाते. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर बसविणे क्वेबेकमध्ये कायद्याने सक्तीचे आहे. या टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्यामुळे पकड सुटत नाही. हिम बाजूस सारणारी यंत्रे पहाटेपूर्वीच निघतात व त्यांच्यामागे मीठ टाकले जाते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो; पण थंडी उणे पंधराच्याही खाली गेली की मिठाचा प्रभाव मंदावतो, मग वाळू किंवा बारीक खडी पसरावी लागते. मोटारीत फावडे, घोंगडी आणि थोडे खाणे ठेवण्याची जुन्या माणसांची शिस्त दांपत्याने पाळलेली असते.

त्र्वा-रिव्हिएर हे एकेकाळी कागदाच्या गिरण्यांसाठी जगभर ओळखले गेलेले शहर. गिरण्यांचे वैभव ओसरले. २०२१ मध्ये मात्र तेथे नगरपालिकेचे नवे क्रीडागार उभे राहिले आणि एक व्यावसायिक संघही आला. हा संघ व्यावसायिक हॉकीच्या तिसऱ्या पायरीवरील आहे. प्रेक्षागार साडेचार हजारांच्या आसपास. त्यामुळे मागच्या रांगेतूनही चकतीचा फळीवर आदळण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

येथे खेळाची थोडी ओळख करून देणे उचित होईल. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची टणक रबराची चकती वापरतात. ती उसळू नये म्हणून खेळापूर्वी गोठवून ठेवली जाते. उत्तर अमेरिकेतील मैदान दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद. बर्फाची जाडी मात्र ऐकून नवल वाटेल: जेमतेम एक इंच. काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांतून अतिथंड द्राव फिरवितात, वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवितात, मध्येच पांढरा रंग व रेषा काढतात आणि त्यांवर पुन्हा थर देतात. मध्यंतरात जे अवजड यंत्र फेरी मारते ते खरवडलेला थर काढून गरम पाणी पसरते. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो आणि नवे पाणी त्याच्याशी एकजीव होते. हे यंत्र १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रँक झांबोनी यांनी तयार केले. बर्फाच्या देशाला हे यंत्र उन्हाच्या प्रदेशातून मिळावे, हा योगायोग गमतीचा आहे.

दुसऱ्या दिवशी क्वेबेक शहराकडे जाताना वाटेत सेंत-आन-द-ला-पेराद हे गाव लागते. तेथील नदी गोठली की तिच्यावर लाकडी झोपड्यांचे एक गावच वसते. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टॉमकॉड नावाचे लहान मासे अंडी घालण्यासाठी नदीत वर येतात. झोपडीत शेगडी पेटवून, फळीच्या फटीतून बर्फाखाली गळ सोडून लोक तासन् तास बसतात. १९३८ पासून ही प्रथा चालू आहे. मासे पिठात घोळवून लोण्यात तळतात. आपल्याकडे मांदेली तळावी तसाच हा प्रकार. गावाची हिवाळ्यातील कमाई या झोपड्यांच्या भाड्यावर बरीच अवलंबून असते. म्हणूनच हिवाळा उबदार गेला आणि बर्फ उशिरा धरला की त्याची झळ थेट गावाच्या उत्पन्नाला पोहोचते.

क्वेबेक शहरात फेब्रुवारीत मोठी वर्दळ असते. १९५५ पासून भरणारा हिवाळी उत्सव असतोच. शिवाय १९६० पासून दरवर्षी बाराएक वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा भरते. पुढे जगद्विख्यात झालेला वेन ग्रेट्झकी १९७४ मध्ये याच स्पर्धेत खेळून गेला. या स्पर्धेतील सर्वांत अनुकरणीय गोष्ट मैदानाबाहेरची आहे. परदेशांतून आलेली मुले स्थानिक कुटुंबांत उतरतात. भाषा कळत नाही, पण न्याहारीच्या टेबलावर मेपलचा पाक पुढे केला की काम भागते. मेपल वृक्षाच्या सुमारे चाळीस लिटर रसाचा आटवून एक लिटर पाक होतो. चव व दाटपणा यांवरून मराठी माणसाला गुऱ्हाळातील काकवीची आठवण व्हावी असा तो असतो.

याच शहरात सार्वजनिक खर्चाविषयीचा एक कठीण प्रश्नही उभा आहे. येथील व्यावसायिक संघ १९९५ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरला गेला. तो परत यावा, निदान नवा मिळावा, या आशेने शहर व प्रांत यांच्या पैशातून सुमारे ३७ कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून अठरा हजारांवर आसनांचे क्रीडागार बांधण्यात आले. संघराज्य सरकारने वाटा उचलण्यास नकार दिला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये ते खुले झाले. पुढच्याच वर्षी लीगने नवा संघ लास व्हेगासला दिला. क्वेबेकची मागणी लांबणीवर पडली आणि अद्याप संघ आलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रांतिक सरकारने लॉस एंजेलिसच्या संघाला येथे सराव सामने खेळण्यासाठी पन्नास ते सत्तर लाख डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा शिक्षक व अन्य सार्वजनिक कर्मचारी वेतनासाठी संपाच्या तयारीत होते. टीकेचे मोहोळ उठले. सामने ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. क्रीडागार अगदी ओस पडलेले नाही. कुमारांच्या लीगमधील शहराचा संघ तेथे खेळतो, मुलांची स्पर्धा होते, संगीताचे कार्यक्रम होतात. परंतु ज्यासाठी ते बांधले त्याची वाट अजून पाहिली जात आहे, आणि ती किती काळ पाहावी याचे उत्तर करदात्यांना कोणी दिलेले नाही.

परतीच्या वाटेवरील ड्रमंडव्हिलमध्ये वेगळेच चित्र दिसते. वस्ती सुमारे ऐंशी हजार. येथील कुमार संघात सोळा ते वीस वर्षांचे खेळाडू असून त्यांतील बाहेरगावचे खेळाडू शहरातील कुटुंबांत राहतात व शिक्षणही चालू ठेवतात. याच लीगने २०२३ च्या हंगामापासून मैदानावरील मारामाऱ्यांना कडक बंदी घातली, हे पालकांच्या दृष्टीने उशिरा सुचलेले शहाणपण म्हणावे लागेल. क्रीडागाराला गावातच जन्मलेल्या मार्सेल दिओन या थोर खेळाडूचे नाव आहे.

सामन्यापूर्वी दांपत्य पुटीन खाते. तळलेले बटाटे, त्यांवर चीजचे ताजे कच्चे तुकडे आणि वरून गरम तपकिरी रस्सा, असा हा पदार्थ. चीज त्याच दिवसाचे असेल तर दातांखाली रबरासारखे कुरकुरते. तोच त्याच्या ताजेपणाचा दाखला. हा परिसर दुग्धव्यवसायाचा असल्याने १९५० नंतरच्या काळात पदार्थ येथेच जन्मला. मात्र पहिला मान ड्रमंडव्हिलचा की जवळच्या वॉरिक गावाचा, हा वाद मिटलेला नाही. मिसळीवरून पुणे व कोल्हापूर यांच्यात चालणारा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याची तीव्रता समजावून सांगावी लागणार नाही. शाकाहारी प्रवाशांनी रस्सा कशाचा हे आधी विचारावे. तो बहुधा मांसाच्या अर्कावर केलेला असतो.

सामना संपतो, लोक टोप्या चढवून बाहेर पडतात, मोटारींच्या काचांवरचे हिम खरवडण्याचा आवाज आवारभर होतो. दांपत्याला अजून शंभरावर किलोमीटर जायचे असते. आत मात्र दिवे विझलेले नसतात. गरम पाणी भरलेले यंत्र पुन्हा बर्फावर उतरते, कारण अशा क्रीडागारांत शनिवारी उजाडण्याआधीच लहान मुलांच्या सरावाची वेळ लागलेली असते.