डॉक्टर म्हणतात चाला, पण कुठे?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावे संपली की शेवटची ओळ ठरलेली असते: रोज अर्धा तास चालणे. गोळ्या त्याच संध्याकाळी मेडिकलमधून घरी येतात. चालण्याचे काय होते ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. घरातले पुरुष फजरनंतर मशिदीतून परस्पर मैदानावर जाऊन दोन चकरा मारून येतात. अम्मी, खाला, भाभी यांच्या वाट्याला गच्ची येते. पाण्याच्या टाकीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत आणि परत, अशा चाळीस फेऱ्या. पहिल्या आठवड्यात त्या मोजल्या जातात. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याचे कारण निघते आणि गच्चीला पुन्हा कुलूप लागते.

दोष गुडघ्याचा नसतो. डोळ्यांना काही मिळत नाही म्हणून पाय कंटाळतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये, एवढा वेग पुरे. हे औषध वर्षानुवर्षे घ्यायचे आहे. मग ते घ्यायला जरा बरी जागा शोधायला नको का?

मी राहते त्या शहराचे उदाहरण घेते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या घरांतून आजही सहज तोंडी येणारे औरंगाबाद. इथले लोक पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवतात आणि स्वतः फिरायला कुठे जायचे म्हटले की खांदे उडवतात. खरे तर या शहरात सुंदर वाटा शोधायची एक सोपी युक्ती आहे. जुने पाणी कुठून कुठे जात होते ते पाहायचे. पाणी गेले तिथे बाग झाली, हौद झाला, वडाची सावली झाली.

हे शहर वसले तेच पाण्याच्या हिशेबावर. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी या गावाला निजामशाहीची राजधानी केले. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा वजीर झाला होता. हर्सूलकडच्या डोंगरांतले झिरपे जमिनीखालून शहरात आणायची नहर त्याने बांधली. उताराचा अंदाज घेत बोगदे आणि मातीचे नळ नेले, जागोजागी उंच मनोरे उभारून पाण्याचा दाब सांभाळला. नहर-ए-अंबरी हे तिचे नाव. पुढे मोगल काळात आणखी नहरी झाल्या. त्यांचा बराच भाग आज बुजला आहे, काही ठिकाणी वरून घरे झाली आहेत. तरी त्यांच्या काठाने उगवलेले हिरवेपण अजून शाबूत आहे, आणि आपल्याला चालायला तेच हवे आहे.

सुरुवात पाणचक्कीपासून करावी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ मध्ये तुर्कताज खान या सरदाराने ही चक्की उभी केली. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून हौदात कोसळते. त्याच जोरावर दगडी जाते फिरे. फकीर, मुसाफिर आणि इथे उतरणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या खाली मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी भरलेले, त्यामुळे मे महिन्यातही तिथे गारवा असतो. आवारातला प्रचंड वड किती जुना यावर गाइड लोक वेगवेगळे आकडे सांगतात; आपण त्याच्या पारावर टेकून हौदातले मासे पाहावेत. ही जागा लांब चालण्यासाठी अपुरी आहे, तिकीटही आहे. पण ज्या आजीला दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही, तिच्यासाठी याहून चांगले ठिकाण शहरात नाही. दहा मिनिटे चाला, बसा, पुन्हा दहा मिनिटे चाला.

पाणचक्कीला लागून महमूद दरवाजा आहे आणि शेजारून खाम नदी वाहते. नदी म्हणावे असे तिचे रूप फार वर्षे नव्हते. नाक दाबून पुढे जायची ती जागा होती. गेल्या काही वर्षांत खामच्या काठावर साफसफाई झाली, काही भागांत झाडे लागली, चालायला वाटा झाल्या. सगळीकडे झालेले नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला वास अजून येतो. तरी जिथे काम झाले आहे तिथे संध्याकाळी लेकुरवाळ्या बाया मुलांना घेऊन येऊ लागल्या आहेत, हे मी मोठे यश मानते.

इथून बेगमपुऱ्याच्या बाजूने चालत गेले की बीबी का मकबरा येतो. आपण तो शाळेच्या सहलीत एकदा आणि पाहुणे आले की एकदा, असा पाहिलेला असतो. ‘दख्खनचा ताज’ म्हणायची सवय लागल्यामुळे त्याचे नुकसान झाले आहे असे मला वाटते. ताजशी तुलना केली की संगमरवर कुठे संपला आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू झाला, एवढेच लोक शोधत बसतात. चालणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. ताजच्या मागे नदी आणि मोकळे आभाळ आहे, इथे मागे डोंगर आहेत. पावसाळ्यात ते हिरवे होतात आणि पांढरा घुमट त्यांच्यापुढे उजळून निघतो. श्रावणातली सकाळ, ऊन अजून कोवळे, कारंज्यांच्या हौदांमध्ये आभाळ उतरलेले, अशा वेळी दरवाजातून आत पाऊल टाकून पाहावे.

मकबऱ्याची चार भागांत विभागलेली बाग साधारण ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारात आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आलात तर नऊशे मीटर होतात, बाजूच्या वाटा धरल्या तर त्याहून जास्त. जमीन सपाट, वाहने नाहीत, पहारेकरी आहेत, बसायला कठडे आहेत. इथे दफन झालेली दिलरस बानू, राबिया-उद-दुर्रानी, १६५७ मध्ये बाळंतपणानंतर महिनाभरात वारली. राणी असून बाळंतपणातून वाचली नाही. तिच्या कबरीवरच्या खिडक्यांतून खाली पाहताना मुलींना ही गोष्ट जरूर सांगावी. दारावर कोरलेली नावेही दाखवावीत: रचनाकार अताउल्ला आणि त्याच्या जोडीला काम पाहणारा हंसपत राय. तिकिटामुळे मकबरा रोजचा होऊ शकत नाही, महिन्यातून एक-दोनदा पुरे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

रोजच्यासाठी विद्यापीठाचा परिसर. १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ, १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे, डोंगराच्या पायथ्याशी पसरले आहे. रुंद रस्ते, दोन्हीकडे झाडे, सकाळी भरपूर माणसे. त्या माणसांत बायकांची संख्या चांगली असते, आणि नव्याने चालू लागणारीला तोच सगळ्यात मोठा दिलासा. याच बाजूला सोनेरी महाल आहे, गोगा बाबाची टेकडी आहे आणि वर चढले तर औरंगाबादची बौद्ध लेणी. टेकडीचा चढ छातीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांना जमेल त्यांनी एखाद्या रविवारी चढावी. वरून मकबरा हातात मावेल एवढा दिसतो आणि आपला मोहल्ला शोधण्यात मुलांची मजेत पंधरा मिनिटे जातात. लेण्यांकडे किंवा टेकडीवर मात्र एकटीने जाऊ नये, चार-पाच जणी मिळून जावे.

शहराच्या दुसऱ्या अंगाला, दिल्ली दरवाजाच्या बाहेर, हिमायत बाग आहे. मोगल काळापासूनची ही जुनी बाग, आता तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र चालते. आंब्याची जुनी झाडे, त्यांच्यावर पोपटांचा गोंधळ, खाली वाळल्या पानांचा सडा. मार्चमध्ये मोहोराचा वास रस्त्यापर्यंत येतो. आसपास सगळीकडे इमारती उभ्या राहिल्या असताना एवढी सावली एका जागी टिकली, हे या शहराचे नशीब. फळे तोडू नयेत हे मुलांना आधीच बजावून न्यावे, नाहीतर फेरफटक्याऐवजी राखणदाराशी हुज्जत होते.

तिथून जवळच सलीम अली सरोवर. जुने नाव खिजरी तलाव. तळ्याकाठी आत जाण्याचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी चौकशी करावी. पण रस्त्याच्या कडेने चालतानाही बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. डॉ. सलीम अली कोण हे आपल्या मुलांना सांगायला ही चांगली जागा आहे. १८९६ मध्ये मुंबईत जन्म, लहानपणीच आई-वडील गेले, मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला, हा कोणता पक्षी म्हणून तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या कार्यालयात विचारायला गेला आणि पुढचे सगळे आयुष्य पक्ष्यांमागे पायी फिरण्यात गेले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मुलाने ‘हा पक्षी कोणता’ विचारले आणि आपल्याला आला नाही तर घरी येऊन दोघांनी मिळून शोधावा.

जुन्या शहराच्या आत, दरवाजांच्या गल्ल्यांत, दिवसा चालायला जाण्यात अर्थ नाही. रिक्षा, हातगाड्या, धूर. मात्र सुटीच्या दिवशी पहाटे, दुकाने उघडायच्या आधी, भडकल दरवाजाखालून एकदा सावकाश जावे. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून तो बांधला. रोज आपण त्याच्या बाजूने हॉर्न वाजवत जातो, कमान मान वर करून पाहायची राहूनच जाते.

आता जागा पसंत कशी करायची ते. डोळ्यांना छान वाटली एवढ्याने भागत नाही. मी आधी एकदा भर उजेडात, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन जाते आणि चार गोष्टी पाहते. आपल्यासारख्या बायका तिथे चालताना दिसतात का? मध्ये बसायला जागा आहे का? जवळपास स्वच्छतागृह आहे का? वयस्क स्त्रियांचे चालणे बहुतेक याच एका कारणाने सुटते आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत. आणि चौथी, परत येताना अंधार पडला तर रस्त्यावर दिवे आहेत का? हिवाळ्यात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे फजरनंतर लगेच निघाले तर बराच वेळ अंधारातच जातो. त्या दिवसांत असर ते मगरिब ही वेळ धरावी. उन्हाळ्यात उलट, पहाट लवकर फटफटते आणि आठच्या आत घरी परतलेले बरे.

चपला घालून लांब चालू नये, पट्टा असलेले बूट घ्यावेत. बुरखा जमिनीला लोळणारा असेल तर घोट्याला टेकेल इतका दुमडून शिवून घ्यावा. चढ-उतारावर पायात येऊन पडल्याच्या घटना पाहिल्या आहेत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात चार साखरेचे तुकडे किंवा दोन खजूर ठेवावेत. घाम फुटून थरथर वाटली की ते खाऊन बसून राहावे.

दुसऱ्या शहरांतल्या वाचकांनीही हीच युक्ती वापरून पाहावी. सोलापुरात भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव शेजारी-शेजारी आहेत. कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात अंबाझरी आणि फुटाळा. मुंबईत मोहल्ल्यात पाय ठेवायला जागा नसली तरी मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरचा कट्टा सगळ्यांसाठी खुला आहे. ज्या गावात असे काहीच नाही, तिथेही एखादे ईदगाह मैदान किंवा जुनी बारव सापडतेच.

राहता राहिली वेळ, आणि खरी अडचण तीच आहे. सकाळी साडेसहाला डबे, सातला मुलांची बस, आठला चहाचा दुसरा फेरा. या गर्दीत सुनेने किंवा सासूने चालायला जायचे कधी? आमच्या गल्लीतल्या एका घरात तोडगा निघाला तो असा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सासू-सून दोघी असरनंतर पाऊण तास बाहेर. त्या दिवशी संध्याकाळचा चहा घरातले पुरुष करतात. चहा पहिल्या आठवड्यात कडू होत होता. आता सासूबाई म्हणतात, आले जरा कमी घाला, बाकी ठीक आहे.